नॅरोबँड छायाचित्रणातील डार्क आणि फ्लॅट: आधी वजाबाकी, मग भागाकार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये इंदिरानगरातील घराच्या गच्चीवरून आपण कूलिंग असलेला मोनोक्रोम (कृष्णधवल) कॅमेरा, एफ/६ चा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) आणि ७ नॅनोमीटरचे हायड्रोजन-अल्फा, ओ-थ्री (ऑक्सिजन) व एस-टू (गंधक) फिल्टर वापरून रोझेट तेजोमेघाचे चित्रण करीत आहात. नॅरोबँडमध्ये, म्हणजे अशा अरुंद फिल्टरमधून, आकाश तसेही काळेभोर येते आणि नव्या सेन्सरचा डार्क करंट (उष्णतेमुळे अंधारातही साचणारे इलेक्ट्रॉन) नगण्य असतो, तेव्हा डार्क, म्हणजे झाकण लावून घेतलेल्या फ्रेम, काढण्याचा खटाटोप कशाला, असे आपल्याला कोणी सांगितले. त्याप्रमाणे आपण फक्त फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाच्या पृष्ठभागाच्या फ्रेम, वापरले आणि ओ-थ्रीच्या चित्रात चारही कोपरे मध्यभागापेक्षा उजळ आले. फ्लॅट चुकले आहेत का, आणि नॅरोबँडमध्ये या कॅलिब्रेशन फ्रेम मुळात किती लागतात, हे आपल्याला हवे आहे.

आपले फ्लॅट बहुधा ठीक आहेत. बिघाड आहे तो डार्कची वजाबाकी न करता फ्लॅटने भागाकार केल्याचा. नॅरोबँडमध्ये आकाश काळे असते म्हणून डार्कची गरज कमी होते, हा समज नेमका उलटा आहे. आकाश काळे असल्यामुळेच ती गरज वाढते. हे आकड्यांतून पाहिले म्हणजे पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात, म्हणून आधी तेवढे गणित मांडतो.

कोणताही कॅमेरा पूर्ण अंधारातही शून्य हा आकडा देत नाही. रीड नॉइजमुळे, म्हणजे सेन्सर वाचताना येणाऱ्या चढउतारामुळे, काही पिक्सेल शून्याखाली जाऊन कापले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक पिक्सेलला एक ठरावीक आकडा मुद्दाम जोडलेला असतो, त्याला ऑफसेट म्हणतात. १६ बिटांच्या मोजपट्टीवर, म्हणजे ० ते ६५,५३५ या पट्टीवर, तो ५०० आहे असे धरू. ओ-थ्री फिल्टरमधून ३०० सेकंदांत आलेला आकाशाचा उजेड मध्यभागी १०० भरला, आणि आपल्या दुर्बिणीत कोपऱ्यांपर्यंत ८० टक्केच प्रकाश पोहोचतो, असेही समजू. मग कच्च्या फ्रेममध्ये मध्यभागी ६०० आणि कोपऱ्यात ५८० असे आकडे दिसतील. आता डार्क वजा न करता फ्लॅटने भागाकार केला, तर मध्यभागी ६०० तसेच राहतात आणि कोपऱ्यात ५८० भागिले ०.८, म्हणजे ७२५ होतात. कोपरा १२५ ने उजळ झाला, आणि आपल्याकडे आकाशाचा सगळा उजेडच मुळी १०० होता. हाच भागाकार ५०० वजा करून केला, तर मध्यभागी १०० आणि कोपऱ्यात ८० भागिले ०.८, म्हणजे पुन्हा १००. चित्र सपाट झाले.

हीच चूक साध्या, सगळा दृश्य प्रकाश घेणाऱ्या ल्युमिनन्स फिल्टरवर केली तर काय होते तेही पाहा. शहरातील आकाश तिथे सहज ५,००० भरते. कच्चे आकडे ५,५०० आणि ४,५००. वजाबाकीशिवाय भागाकार केल्यावर कोपरा ५,६२५. फरक पुन्हा १२५ चाच, पण ५,००० च्या मानाने तो अवघा अडीच टक्के आहे आणि स्टॅकिंगनंतर (फ्रेम एकत्र केल्यावर) ग्रेडियंट, म्हणजे उजेडाचा चढउतार, काढताना नकळत निघून जातो. ब्रॉडबँड, म्हणजे असे रुंद फिल्टर वापरून चित्रण, करणाऱ्या मंडळींना डार्कशिवाय भागते असे वाटते ते यामुळे, आणि तोच सल्ला ते नॅरोबँडवाल्यांना देतात. द्राक्षांचे वजन क्रेटसकट करावे तसे हे आहे: क्रेट भरलेले असेल तर रिकाम्या क्रेटचे वजन वगळायचे राहिले तरी हिशेब फारसा हलत नाही, पण आत एकच घड असेल तर आपण द्राक्षांचे नव्हे, क्रेटचेच वजन सांगत असतो.

ओ-थ्रीतच हे ठळक का दिसले आणि हायड्रोजन-अल्फात का नाही, याचेही उत्तर यातच आहे. रोझेटमध्ये ६५६.३ नॅनोमीटरची हायड्रोजन-अल्फा रेषा जोरकस आहे आणि तेजोमेघ चौकटीचा बराचसा भाग व्यापतो. कोपऱ्यांचा खोटा उजेड त्या खऱ्या उजेडात लपून जातो. ५००.७ नॅनोमीटरच्या ओ-थ्री रेषेत तेजोमेघाचा फक्त आतला भाग उजळ असतो आणि कोपरे जवळपास रिकामे असतात. एस-टूच्या ६७१.६ आणि ६७३.१ नॅनोमीटरच्या रेषा आणखी क्षीण असतात, त्यामुळे एस-टूच्या चित्रातही हा दोष असणारच. स्ट्रेच करून, म्हणजे क्षीण भाग उजळवून, पाहिल्यास तो सापडेल.

आता डार्कविषयी. डार्कमधून एकाच वेळी तीन गोष्टी वजा होतात: ऑफसेट, सेन्सरच्या उष्णतेमुळे साचणारे इलेक्ट्रॉन, आणि सेन्सरच्या कडेच्या इलेक्ट्रॉनिक्समुळे येणारी झाक, म्हणजे अँप ग्लो. यांपैकी शेवटची गोष्ट सेन्सरवर अवलंबून आहे. सोनीच्या आयएमएक्स ५७१ आणि आयएमएक्स ५३३ या सेन्सरमध्ये ती व्यवहारात नसल्यासारखीच असते. आयएमएक्स १८३ मध्ये एका कडेकडून किरणांसारखी पसरणारी झाक येते, आणि एएसआय १६०० या कॅमेऱ्यातील पॅनासॉनिकच्या जुन्या सेन्सरमध्येही कडेला उजेड येतो. एक्सपोजर जितके लांब तितकी ही झाक वाढते, आणि नॅरोबँडमध्ये ३०० ते ६०० सेकंदांची एक्सपोजर नेहमीचीच असल्यामुळे अशा सेन्सरवर डार्कला पर्यायच उरत नाही. अँप ग्लो नसलेल्या सेन्सरवर डार्कऐवजी नुसता मास्टर बायस (अतिशय लहान एक्सपोजरच्या अंधाऱ्या फ्रेमची सरासरी) वजा करून आणि डिदरिंगच्या, म्हणजे फ्रेमगणिक दुर्बीण किंचित हलवण्याच्या, जोरावर हॉट पिक्सेल (कायम उजळ दिसणारे पिक्सेल) काढून काही जण काम भागवतात. ते पूर्ण चूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण ऑफसेट तरी त्यातून वजा होतो. परंतु डार्क काढायला आकाश लागत नाही, अंधारी रात्रही लागत नाही. मग ही काटकसर कशासाठी, हे मला कधी उमगलेले नाही.

डार्क हे लाइट फ्रेमशी, म्हणजे आकाशाच्या प्रत्यक्ष चित्रांशी, तंतोतंत जुळले पाहिजेत: तेच एक्सपोजर, तोच गेन (सिग्नल वाढवण्याचे सेटिंग), तोच ऑफसेट, तेच तापमान आणि शक्यतो तेच सॉफ्टवेअर व तोच ड्रायव्हर. फिल्टरशी मात्र डार्कचा काही संबंध नाही. त्यामुळे तिन्ही फिल्टरसाठी एकच एक्सपोजर ठरवून टाकले, उदाहरणार्थ सर्वत्र ३०० सेकंद, तर डार्कचा एकच संच तिघांना पुरतो. प्रत्येक फिल्टरला वेगळे एक्सपोजर देऊन मिळणारा फायदा किरकोळ असतो आणि त्यापायी डार्कचे काम तिप्पट होते. ऑफसेट बदलण्याची गफलत विशेष वारंवार होते: सॉफ्टवेअर नव्याने टाकले, की ऑफसेट मूळ आकड्यावर परततो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. वरच्या गणितात ५०० ऐवजी ४०० वजा झाले तर उरलेले १०० भागाकारात जातात आणि कोपरे पुन्हा २५ ने उजळतात. म्हणजे चुकीचे डार्क वापरणे हा डार्क न वापरण्याचाच सौम्य प्रकार आहे.

तापमानाच्या बाबतीत नाशिकचे हवामान लक्षात घेऊन एकदाच निर्णय घ्यावा. डार्क करंट साधारणपणे दर ६ ते ७ अंशांना दुप्पट होतो, त्यामुळे जितके थंड तितके चांगले हे खरे. पण कॅमेऱ्याचे कूलिंग बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ३५ अंशच खाली उतरू शकते. डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडे पारा ५ अंशांच्या खाली घसरतो त्या दिवसांत, उणे २० अंश सेल्सियस हातचा मळ वाटतो. तोच कॅमेरा एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर ठेवला आणि रात्री हवा २५ अंशांवर असली, की उणे १० गाठतानाच कूलरची शक्ती शंभर टक्क्यांना टेकते आणि मग तापमान स्थिर राहत नाही. स्थिर उणे ५ हे अस्थिर उणे १५ पेक्षा केव्हाही बरे. माझे मत असे की ऑक्टोबर ते मार्चसाठी उणे १० आणि उन्हाळ्यासाठी शून्य अंश असे दोनच आकडे ठरवावेत, कूलरची शक्ती ८० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, आणि या दोन तापमानांव्यतिरिक्त काहीही चित्रित करू नये. आधुनिक सेन्सरवर उणे १० आणि उणे २० यांच्यातील फरक शहराच्या उजेडात बहुतेक वेळा दिसतही नाही.

डार्कचे ग्रंथालय करायला आपल्याकडे निसर्गानेच चार महिने राखून ठेवले आहेत. जून ते सप्टेंबर आकाश दिसत नाही. तेव्हा कॅमेरा घरात टेबलावर, पंख्यासमोर ठेवून उणे १० चे आणि शून्याचे डार्क सावकाश काढता येतात. पावसाळी हवेत उणे १० ला कूलरवर ताण येतो, म्हणून तो संच पावसाळा ओसरल्यावर काढला तरी चालतो. या दिवसांत हवेत दमटपणा पुष्कळ असतो, तेव्हा सेन्सरच्या कप्प्यातील सिलिका जेल आधी सुकवून घ्यावे, नाहीतर थंड सेन्सरवर बर्फाची नक्षी उमटते आणि ती डार्कमध्ये दिसत नसली तरी पुढे लाइट आणि फ्लॅटमध्ये त्रास देते. ग्रंथालय वर्षातून एकदा नवे करणे पुरेसे आहे. हॉट पिक्सेल काळाबरोबर वाढतात आणि जागा बदलतात.

डार्क काढताना प्रकाश आत शिरत नाही ना, याची खात्री हवी. काळ्या प्लॅस्टिकचे झाकण डोळ्यांना अपारदर्शक दिसते, पण काही प्लॅस्टिकमधून निकट-अवरक्त प्रकाश आरपार जातो आणि सेन्सरला तो दिसतो. तपासणी अगदी सोपी आहे: खोलीतला दिवा लावून ३०० सेकंदांचा एक डार्क घ्या, मग दिवा घालवून, खिडकी झाकून दुसरा घ्या, आणि दोन्हींची सरासरी ताडून पाहा. फरक आला तर झाकणावर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून पुन्हा पाहा. फिल्टर व्हीलमध्ये एक जागा रिकामी असेल तर तिथे अपारदर्शक चकती बसवून ठेवणे अधिक सोयीचे, पण व्हीलच्या सांध्यांतूनही उजेड येऊ शकतो. उजेड शिरलेला डार्क ओळखण्याची दुसरी खूण म्हणजे त्याची सरासरी लाइट फ्रेममधील रिकाम्या आकाशापेक्षा जास्त निघते. अंधाराचा आकडा आकाशापेक्षा मोठा असूच शकत नाही. तसा निघाला तर सेटिंग तरी जुळत नाही किंवा झाकण तरी गळते आहे.

किती डार्क घ्यावेत, हा प्रश्न जितका विचारला जातो त्या मानाने त्याचा हिशेब क्वचित मांडला जातो. मास्टर डार्कमध्येही थोडा नॉइज शिल्लक असतो, आणि तोच मास्टर डार्क प्रत्येक लाइट फ्रेममधून वजा होत असल्यामुळे तो नॉइज सगळ्या फ्रेममध्ये एकाच नमुन्याचा असतो; स्टॅकिंगने तो विरत नाही. आपल्याकडे ४० लाइट फ्रेम आणि १० डार्क असतील, तर लाइट फ्रेमचा स्वतःचा रीड व डार्क नॉइज ४० च्या वर्गमुळाने घटतो, पण मास्टर डार्कचा नॉइज १० च्याच वर्गमुळाने घटलेला राहतो, म्हणजे तो दुप्पट भरतो. आकाश उजळ असते तेव्हा त्याच्या फोटॉन नॉइजखाली हे सगळे बुडून जाते; नॅरोबँडमध्ये बुडायला तेवढे पाणीच नसते. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत: डार्क ३० ते ५० घ्यावेत, आणि चित्रण करताना दर फ्रेमला किंवा दर दुसऱ्या फ्रेमला डिदरिंग करावे, म्हणजे फ्रेम जुळवून घेताना तो नमुना दरवेळी वेगळ्या जागी पडतो आणि विखुरतो. डिदरिंग नसेल तर स्टॅक केलेल्या चित्रात तिरक्या रेघांचा पाऊस पडल्यासारखे दिसते; ते पाहून लोक डार्कला दोष देतात, पण मूळ कारण ट्रॅकिंगमधील मंद सरक हे असते.

एक सूचना सॉफ्टवेअरबाबत. डार्क वजा केल्यावर रिकाम्या आकाशाचा आकडा शून्याच्या इतका जवळ येतो, की नॉइजमुळे पुष्कळ पिक्सेल उणे होतात. ३ नॅनोमीटरच्या फिल्टरने, त्र्यंबकेश्वर-पेठ बाजूच्या काळ्या आकाशाखाली हे हमखास होते. प्रोग्रॅमने असे उणे आकडे शून्यावर कापले, तर सरासरी वर सरकते आणि तेजोमेघाचा क्षीण भाग डागाळलेला, चिखलट दिसू लागतो. पिक्सइनसाइटमध्ये कॅलिब्रेशन करताना आउटपुट पेडेस्टल (सगळ्या पिक्सेलना जोडायचा आकडा) म्हणून १०० च्या आसपास आकडा द्यावा, किंवा तो आपोआप ठरवण्याचा पर्याय निवडावा. सिरिलमध्ये ३२ बिट फ्लोटिंग स्वरूपात काम केले तर उणे आकडे टिकून राहतात. जागा वाचवण्यासाठी १६ बिट निवडू नये.

फ्लॅटकडे वळू. फ्लॅटचे काम दोन गोष्टींचे: कडांकडे कमी होणारा प्रकाश आणि धुळीच्या सावल्या. नॅरोबँडमध्ये प्रत्येक फिल्टरचे स्वतंत्र फ्लॅट लागतात, कारण प्रत्येक फिल्टरवरची धूळ वेगळी असते आणि फोकसही थोडा वेगळा असतो. हायड्रोजन-अल्फाचे फ्लॅट ओ-थ्रीला लावणे हा आळस लगेच दिसून येतो. धूळ नेमकी कुठे आहे हे शोधण्याचे एक गणित फार उपयोगी पडते: सावलीच्या वर्तुळाचा व्यास पिक्सेलमध्ये मोजावा, त्याला पिक्सेलच्या आकाराने गुणावे, आणि त्याला दुर्बिणीच्या एफ-आकड्याने (नाभीय अंतर भागिले व्यास) गुणावे, जे येईल ते त्या धूलिकणाचे सेन्सरपासूनचे अंतर. आपली दुर्बीण एफ/६ आहे; पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा धरला तर १०० पिक्सेलचे वर्तुळ २.३ मिलिमीटरवरून, म्हणजे सेन्सरवरच्या काचेवरून आले आहे, आणि ९०० पिक्सेलचे वर्तुळ सुमारे २० मिलिमीटरवरून, म्हणजे फिल्टरवरून. पहिल्या प्रकारची धूळ तिन्ही फिल्टरच्या फ्लॅटमध्ये त्याच जागी दिसेल, दुसरी एकाच फिल्टरमध्ये. हे कळले म्हणजे उगाच सगळे खोलून पुसत बसावे लागत नाही, आणि पुसताना नवी धूळ घालण्याचा धोकाही टळतो.

फ्लॅटसाठी पहाटेचे आकाश वापरावे असे जुनी मंडळी सांगतात. ब्रॉडबँडला ते छान आहे. नॅरोबँडला नाशिकच्या २० अक्षांशावर ते जमवताना नाकी नऊ येतात, कारण आपल्याकडे संधिप्रकाश झपाट्याने सरतो आणि तिन्ही फिल्टरचे वीस-वीस फ्लॅट होईपर्यंत आकाश फिल्टरसाठी एकतर फार काळे किंवा फार उजळ झालेले असते. त्यामुळे एलईडीचा फ्लॅट पॅनल किंवा चित्र गिरवण्यासाठी मिळणारा ट्रेसिंग पॅड हाच व्यवहार्य मार्ग. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश प्रत्यक्षात सर्व रंगांत सारखा नसतो: ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा सुळका, मग ४८० जवळ खळगा, पुढे पिवळ्या भागात रुंद उंचवटा आणि तांबड्याकडे उतार. परिणामी ६७२ नॅनोमीटरजवळ एस-टूला सर्वांत कमी उजेड मिळतो आणि त्याचे एक्सपोजर सर्वांत लांब होते. त्यात बिघडत काहीच नाही. उलट ल्युमिनन्ससाठी पॅनलवर पांढरे कागद अंथरावे लागतात ती कटकट इथे नसते, आणि एक्सपोजर एक-दोन सेकंदांहून लांब झाल्यामुळे मंद केलेल्या एलईडीच्या लुकलुकण्याने पडणारे आडवे पट्टेही येत नाहीत.

फ्लॅट किती उजळ असावा? मोजपट्टीच्या मध्याच्या थोडा खाली, २५,००० ते ३०,००० हा आकडा सुरक्षित आहे. इथेही ऑफसेट वजा करावा लागतो, पण त्याची चूक तुलनेने क्षम्य असते. मध्यभागी ३०,००० आणि कोपऱ्यात २४,००० असताना ५०० वजा करायचे राहिले, तर गुणोत्तर ०.८०० ऐवजी ०.८०३ येते, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी चूक. फ्लॅट ३,००० वरच थांबवले असतील तर मात्र तेच गुणोत्तर ०.८२९ होते आणि कोपरे काळे राहतात. यासाठी फ्लॅटइतक्याच एक्सपोजरचे, त्याच गेन-ऑफसेट-तापमानाचे डार्क फ्लॅट घ्यावेत. पॅनल बंद करून, झाकण लावून वीस फ्रेम घ्यायला दोन-तीन मिनिटे लागतात. बायसबाबत माझा सल्ला असा, की सीमॉस प्रकारच्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर बायस सोडूनच द्यावा. काही सीमॉस सेन्सर अतिशय लहान एक्सपोजरमध्ये वेगळ्या पद्धतीने वागतात, त्यामुळे बायसची पातळी लांब फ्रेमशी जुळत नाही. आणि डार्क व डार्क फ्लॅट दोन्ही जुळलेले असतील तर बायसला करायला काही काम उरतच नाही. सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचा कॅमेरा वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. डार्क वेगळ्या एक्सपोजरला जुळवून घेण्याचा जो पर्याय प्रोग्रॅममध्ये असतो त्याला बायस लागतो, पण अँप ग्लो एक्सपोजरच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, म्हणून सीमॉसवर तो पर्याय बंद ठेवावा.

फ्लॅटच्या संख्येचा फार बाऊ करू नये. एका फ्लॅटमध्ये पिक्सेलमागे २५,००० इलेक्ट्रॉन जमले, तर त्याचा नॉइज ०.६ टक्के असतो आणि २५ फ्लॅटनंतर तो ०.१३ टक्क्यांवर येतो. ओ-थ्रीच्या एका लाइट फ्रेममध्ये आकाशाचे २० इलेक्ट्रॉन असतील तर तिथला नॉइज २२ टक्के आहे आणि ४० फ्रेमनंतरही साडेतीन टक्के उरतो. म्हणजे नॅरोबँडमध्ये शंभर फ्लॅट घेणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. तो वेळ डार्कला द्यावा.

फ्लॅटच्या बाबतीत खरे घोडे पेंड खाते ते यांत्रिक बाबींत. फिल्टर व्हील दरवेळी त्याच जागी थांबत नसेल, तर फिल्टरवरच्या धुळीची सावली फ्लॅटमध्ये एका जागी आणि लाइटमध्ये काही पिक्सेल बाजूला पडते, आणि चित्रात एका बाजूने उजळ व दुसऱ्या बाजूने काळे असे उठावदार वर्तुळ उमटते. व्हीलच्या ड्रायव्हरमध्ये एकाच दिशेने फिरण्याचा पर्याय असेल तर तो चालू करावा. कॅमेरा जराही फिरवला, किंवा आवरताना सैल करून पुन्हा बसवला, तर जुने फ्लॅट बाद. आपण दररात्री सामान गच्चीवर नेऊन परत आणत असाल, तर खाली उतरवण्याआधी, फोकस न हलवता फ्लॅट घ्यावेत. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर हवेत धूळ वाढते, आणि थंडीत द्राक्षबागा वाचवण्यासाठी पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर निफाड-दिंडोरी पट्ट्यात पहाटे रेंगाळतो. अशा दिवसांत आठवड्यापूर्वीच्या फ्लॅटवर विसंबू नये.

फ्लॅटने काय होत नाही, तेही सांगितले पाहिजे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीकडून येणारा उजेड चित्राच्या एका बाजूला जास्त दिसतो. तो आकाशातला खरा फरक आहे, दुर्बिणीचा दोष नव्हे, आणि तो फ्लॅटने जाणार नाही. ओ-थ्रीवर चंद्रप्रकाशाचा परिणाम तिन्ही फिल्टरमध्ये सर्वाधिक होतो, तोही तसाच. दक्षिणेकडचा कॅरिना तेजोमेघ नाशिकहून क्षितिजाच्या जेमतेम १० अंश वर येतो आणि देवळाली-नाशिकरोडच्या उजेडात बुडालेला असतो. तिथले ग्रेडियंट कॅलिब्रेशननंतर वेगळ्या पायरीत काढावे लागते. म्हणून ओळखण्याची खूण लक्षात ठेवा: चारही कोपरे सारखे उजळ किंवा सारखे काळे असतील तर कॅलिब्रेशन तपासा, एकच बाजू उजळ असेल तर आकाश. एफ/२ सारख्या अतिवेगवान दुर्बिणीवर आणखी एक गुंता असतो. तिरप्या किरणांसाठी फिल्टरची खिडकी निळ्याकडे सरकते. पॅनलचा सलग वर्णपट त्या सरकलेल्या खिडकीतूनही तेवढाच जातो, पण तेजोमेघाची एकच रेषा कडेला अर्धवट अडते, आणि ती तूट फ्लॅटला दिसतच नाही. आपल्या एफ/६ वर ७ नॅनोमीटरच्या फिल्टरला ही चिंता नाही.

रात्री वीज गेल्यावर होणारा घोळ मात्र गच्चीवरच्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतो. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू राहतो, कॅमेऱ्याचा अडॅप्टर बंद पडतो, कूलर थांबतो आणि वीज परत आल्यावर पुढच्या दोन-तीन फ्रेम शून्याच्या वर तापमान असताना निघतात. त्यांना उणे १० चे डार्क लागू पडत नाहीत. फिट्स फाइलच्या हेडरमध्ये सेन्सरचे तापमान नोंदलेले असते. स्टॅकिंगपूर्वी तो रकाना चाळून ठरलेल्या तापमानापासून अर्ध्या अंशाहून अधिक ढळलेल्या फ्रेम वगळाव्यात.

आपण आतापर्यंत जमवलेल्या फ्रेम टाकून देऊ नका. लाइट फ्रेमच्या हेडरमधून एक्सपोजर, गेन, ऑफसेट आणि तापमान टिपून घ्या, आणि त्याच आकड्यांवर ४० डार्क घरात बसून काढा; लाइट काढून महिना झाला असला तरी ते चालतील. फ्लॅटचे एक्सपोजरही हेडरमध्ये सापडेल, त्यावरून डार्क फ्लॅट काढा. मग फक्त ओ-थ्रीची एकच फ्रेम कॅलिब्रेट करून पाहा आणि मध्यभागी तेजोमेघाबाहेरचा तारेविरहित तुकडा व चारही कोपऱ्यांतील तसेच तुकडे निवडून त्यांच्या सरासरीचे आकडे ताडा. रोझेटने मध्य व्यापला असेल तर या तपासणीसाठी कोणत्याही मोकळ्या आकाशाची ओ-थ्रीची एक फ्रेम वेगळी घ्यावी लागेल, पण तिच्यासाठी दुर्बिणीची आणि कॅमेऱ्याची मांडणी फ्लॅटच्या वेळची असली पाहिजे. आकडे काही टक्क्यांच्या आत जुळले तर उरलेल्या फ्रेमना हात घाला. कोपरे तरीही सारखेच उजळ राहिले, तर मास्टर डार्कची सरासरी आणि लाइट फ्रेममधील सर्वांत काळ्या आकाशाची सरासरी, हे दोन आकडे मला कळवा. बहुतेक वेळा तेवढ्यावरून दोष ऑफसेटचा आहे की झाकणाचा, हे सांगता येते.